पानी हालिनाच्या मुलीचं लग्न

बुधवार, २१ मे

प्रणवचं लग्न ठरलं, इवोनाशी. चौदा जून, शनिवार.

मुलांना सोडायला आला तेव्हा दारातच सांगितलं. मी त्याला आत बोलावत नाही असं नाही, पण दोन वर्षांत तो पायपुसण्याच्या अलीकडे कधी आलेला नाही. म्हणाला, "वैजू, मुलं तिथे असावीत असं आम्हाला दोघांनाही वाटतं." मी म्हटलं, असायलाच हवीत, बापाचं लग्न आहे. मग त्याने खरा मुद्दा काढला. इवोना पोलिश, आणि पोलिश लग्न म्हणजे दुपारपासून उशिरापर्यंत. लहान मुलं शेवटपर्यंत मोठ्यांमध्येच असतात, त्यांना कुणी घरी पाठवत नाही. तो आणि इवोना दोघंही गुंतलेले, त्याच्या आईचे गुडघे असे, आणि कबीर चार वर्षांचा झाला तरी अनोळखी खोलीत माझ्याशिवाय झोपत नाही.

"तर तू येशील का?"

हे चाललं असताना आतून तनूने तीनदा हाका मारल्या. बूट निघत नाहीये म्हणे. तिच्या बुटांना वेल्क्रो आहे. सात वर्षांची घोडी, पण कधीकधी एकदम बाळ होते.

प्रणवला सांगितलं, ड्यूटीचा रोटा बघून कळवते. हॉस्पिटलच्या फार्मसीत शनिवार मिळणं अवघड असतं. रोटा बघितला. चौदा तारखेला मला सुट्टीच आहे.

शनिवार, २४ मे

इवोनाचा फोन आला. ती डेंटल हायजिनिस्ट आहे आणि इंग्लिश शब्दही स्वच्छ करून मग तोंडाबाहेर काढते. म्हणाली, "मुलांची आई बाहेर गाडीत बसली आहे आणि आत आम्ही जेवतोय, असं झालं तर मला आयुष्यभर लाज वाटेल. तू मुलं सांभाळायला येऊ नकोस. पाहुणी म्हणून ये."

मी विचारलं, जेवणात काय काय असणार. दुसरं काही सुचलं नाही.

इवोना प्रणवला आमच्या घटस्फोटानंतर भेटली, आधी नाही. हे मी स्वतःला अधूनमधून सांगते, कारण ते खरं आहे.

लग्न चर्चमध्ये नाही. एडिनबराच्या पलीकडे फाइफमध्ये समुद्राकाठी एक हॉटेल घेतलंय, तिथेच कौन्सिलची रजिस्ट्रार येणार. इवोनाच्या आईला चर्च हवं होतं, पण प्रणवचं आधी एक लग्न झालेलं असल्यामुळे पाद्री तयार झाला नाही. म्हणजे चर्चच्या लेखी माझं लग्न अजून शाबूत आहे. इल्फर्डच्या शिल्पाला, माझ्या मामेबहिणीला, हे फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्या नवऱ्याने येऊन विचारलं काय झालं म्हणून. मग गंभीर होऊन म्हणाली, "वैजू, तू जाऊ नकोस ना. कशाला?"

मुलांसाठी. दुसरं कशाला?

रविवार, १ जून

लीलाआई नागपूरहून आल्या. उतरल्या प्रणवकडे, पण आज दुपारी टॅक्सी करून इकडे आल्या. लग्नानंतर घरात दोन आया झाल्या म्हणून मी सासूला लीलाआई म्हणायला लागले होते. आता त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न मी विमानाची वेळ कळल्यापासून घोळवत होते. दार उघडलं आणि तोंडातून "लीलाआई"च निघालं.

त्यांनी संत्रा बर्फीचे चार डबे आणलेत. मुलांना मांडीवर घेता येत नाही म्हणून त्या खाली सतरंजीवर बसल्या, आणि मग उठता येईना. मी आणि तनूने मिळून उठवलं. लग्नाबद्दल अवाक्षर नाही. जाताना दारात म्हणाल्या, "तू येऊन राहिली ना तिथे?"

"हो."

"मग मी पण येते."

जणू त्यांचं यायचं अजून ठरायचंच होतं. मुलाच्या लग्नाला आठ हजार किलोमीटर आलेल्या बाईने असं काय बोलावं!

शुक्रवार, ६ जून

तनूचा निळा फ्रॉक आला. घालून बघितला, गोल फिरली, "आई, माझा फ्रॉक छान दिसते?" दिसतो म्हण, म्हटलं. मग विचारते, "तू काय घालणार? तू पण छान दिसायला पाहिजे. सगळ्यांपेक्षा जास्त छान."

मी म्हटलं, सगळ्यांपेक्षा छान नवरीने दिसायचं असतं.

तिला हे पटलं नाही. रात्री माझ्या कपाटातून तिने स्वतः एक साडी काढून पलंगावर ठेवली. मोरपंखी. आयुष्यात मी ती दोनदा नेसलेय. तिला साड्यांची आवड दिसतेय, ही चांगली गोष्ट आहे.

मंगळवार, १० जून

रात्री साडेतीनला जाग आली. मुलांचे जास्तीचे कपडे, कॅलपॉल, कबीरचा ससा, ओले वाइप्स. यादी केली आणि परत झोपले. मी अगदी ठीक आहे.

शुक्रवार, १३ जून. हॉटेलमध्ये

आज सगळे आदल्या दिवशीच आलो. ट्रेनने पूल ओलांडताना कबीरने लाल पुलाच्या प्रत्येक खांबाला हात हलवून टाटा केला.

इवोनाची आई दारातच भेटली. सत्तरीची, रुंद, शांत. छातीवर हात ठेवून म्हणाली, "पानी हालिना."

लीलाआई माझ्या कानात, "कोणतं पाणी हलेना?"

मला हसू आवरेना. तनूने सांगितलं, "आजी, पानी म्हणजे मिसेस. इवोनाने मला शिकवली." लीलाआईंनी हात जोडून स्वतःची ओळख करून दिली, "पानी लीलावती." ते त्या बाईला इतकं आवडलं की तिने त्यांना गालांवर तीन मुके दिले. मग दोघी सोफ्यावर बसल्या आणि अर्धा तास बोलत होत्या, एक पोलिशमध्ये, एक मराठीत. विषय बहुधा गुडघे.

संध्याकाळी इवोनाने उद्याचं समजावलं. रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या की नवरानवरी जेवणाच्या हॉलच्या दाराशी येतात. तिथे दोघांच्या आया ब्रेड आणि मीठ घेऊन उभ्या राहतात. ते खाऊन मग आत यायचं. लीलाआईंनी ऐकून घेतलं. सगळे पांगल्यावर मला खिडकीशी नेलं.

"वैजयंती, तो पाव मी धरू का?"

गेल्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं होतं, ते मला आठवलं. म्हटलं, "धरा की. किलोभराचा असेल फार तर. जड वाटला तर मी खालून हात लावीन."

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या, आणि उगाचच माझ्या पाठीवरून हात फिरवला. वय झालंय त्यांचं.

शनिवार, १४ जून. दुपारी साडेचार

कबीर झोपलाय. खाली बॅंड वाजतोय, जमीन थरथरतेय, आणि हा गाढ. त्याच्या शेजारी बसून लिहितेय. तनू खिडकीत. तिला म्हटलं खाली जा, आजी आहे, मुलं आहेत. "नको, मी तुझ्याबरोबर बसते."

लग्न छान झालं. मोठ्या खिडक्यांतून समुद्र दिसत होता. रजिस्ट्रार बाई एक वाक्य बोलायची, दुभाषी ते पोलिशमध्ये सांगायचा, त्यामुळे प्रत्येक वचन दोनदा झालं. प्रणवचा आवाज पहिल्याच शब्दाला घोगरा झाला. आमच्या वेळी पुण्यात त्याला काही बोलावंच लागलं नव्हतं, सगळं गुरुजींनी म्हटलं होतं. मी खिडकीच्या काचा मोजल्या. छत्तीस. मला काही वाटलं नाही. तनूने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं आंबून गेली.

लीलाआईंनी पाव नीट धरला. माझी मदत लागली नाही. प्रणवने तुकडा तोडून मिठात बुडवला तेव्हा त्या त्याच्याकडे न बघता पावाकडेच बघत होत्या. मग एकदम मान वर करून, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाल्या, "हे तरी नीट सांभाळ." कुणाला कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं.

मग त्या दोघांना दोन छोटे ग्लास दिले, एकात वोडका, एकात पाणी, कुणाला काय ते ओठाला लावेपर्यंत कळत नाही. पिऊन ग्लास खांद्यावरून मागे फेकायचे. फुटले की शुभ. फुटले. कबीरला हा प्रकार फार आवडला आणि त्यालाही फेकायचा होता. त्याने भोकाड पसरायच्या आत पानी हालिनाने त्याच्या हातात प्लास्टिकचा कप दिला. त्याने तो अकरा वेळा फेकला, आणि अकराही वेळा तिने तो वाकून उचलून दिला.

जेवणाआधी कोंबडीचं स्वच्छ, सोनेरी सूप, त्यात शेवयांसारखं काहीतरी. कबीर तीन वाट्या प्यायला. घरी तो सूप बघून तोंड फिरवतो.

जेवताना मधूनच सगळे टेबलं बडवत ओरडायला लागतात, "गोश्को! गोश्को!" आमच्या टेबलावरच्या एका आजोबांनी सांगितलं, गोश्को म्हणजे कडू. वोडका कडू लागतेय, ती गोड करा, म्हणजे नवरानवरीने उभं राहून मुका घ्यायचा. आणि लोक मोठ्याने आकडे मोजतात, किती वेळ चालला ते.

एकच काळजी आहे. तनूला सारखी शू लागतेय. जेवताना चार वेळा. "आई, टॉयलेट, आत्ता, आत्ताच्या आत्ता," म्हणून मला ओढत नेते, आणि तिथे गेल्यावर काही नाही, नुसते हात धुते, सावकाश, बोट न बोट. गर्दी आणि आवाजाचा ताण असेल, किंवा इन्फेक्शन. सोमवारी सॅंपल द्यायला हवं. ताप नाही.

बाकी सगळी मुलं मोजे घालून त्या गुळगुळीत जमिनीवर घसरतायत. ही माझी खुर्ची सोडत नाही. बुजरी आहे. माझ्यावर गेलीय.

रविवार, १५ जून. सकाळी, ट्रेनमध्ये

लीलाआई समोर डुलक्या घेतायत. एडिनबरा यायच्या आत लिहून टाकते.

काल साडेपाचला खाली गेलो. कबीर लगेच त्याच्या कपाकडे पळाला. मी बसतेय तोवर टेबलं वाजायला लागली आणि तनू म्हणाली, "आई, टॉयलेट."

बाहेरच्या पॅसेजमध्ये पानी हालिना बाकावर बसली होती, बूट काढून, पाय चोळत. तनूला तिने जवळ बोलावलं, केकची बशी हातात दिली आणि आत बोट दाखवलं, "बाब्चा लीला." आजीला देऊन ये. तनूने माझ्याकडे बघितलं. मी जा म्हटलं. ती मागे वळून वळून बघत गेली.

पानी हालिना म्हणाली, "मुलगी आजारी नाही."

तिचं इंग्लिश इतकंच, तुटक. मला वाटलं ती धीर देतेय. मी सांगायला लागले, सोमवारी टेस्ट करणार आहे, मी फार्मासिस्ट आहे. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मुलगी काम करते. ड्यूटी." तिने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली आणि मग माझ्याकडे केली. "ते ओरडतात गोश्को. सगळी मुलं नवरीकडे बघतात. ही तुझ्याकडे बघते. मग तुला बाहेर नेते. पाच वेळा. मी मोजलं."

आत आकडे मोजणं चाललं होतं. सगळा हॉल एका सुरात.

"माझा नवरा गेला, इवोना आठ वर्षांची. दुसऱ्या बाईकडे गेला. मी चर्चमध्ये रडायला लागले की इवोनाला भूक. दुकानात रडायला लागले, इवोनाला भूक. मी डॉक्टरकडे नेलं. जंत असतील म्हणून." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "दोन वर्षं लागली मला कळायला. तू लवकर कर."

बूट हातात घेऊन ती आत गेली. मी त्या बाकावर बसले. चार टॉयलेट माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि त्याआधीचंही पुष्कळ काही. मी औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून पोट भरते.

तनू धावत आली. तिला शेजारी बसवलं.

"तनू, तुला खरंच शू आली होती का?"

ती बाकाखाली पाय हलवत राहिली. मग, "नाही."

"मग?"

"तू सॅड होणार होती. ते किस करतात तेव्हा."

नाही गं, असं म्हणणार होते. ते वाक्य तयारच असतं माझ्याकडे. पण तिने चार वेळा हात धुतले होते, म्हणून म्हटलं, "हो. होते मी थोडी सॅड."

"म्हणून आपण बाहेर येतो."

"पण बाहेर येऊन मी कमी सॅड होत नाही ना. तिथेच बसून झाले तरी चालेल. ते जातं."

"मग तुझ्याकडे कोण बघणार?"

"मी मोठी आहे. माझी मी बघीन. आणि नाहीच जमलं तर आजी आहे, शिल्पामावशी आहे. हे तुझं काम नाही."

"कोणाचा काम आहे?"

"मोठ्या माणसांचं."

तिने विचार केला. "तू रडली तर?"

"तर रडेन. नाक पुसेन. मग केक खाईन."

आत गेलो. बसलो. दहा मिनिटांत पुन्हा टेबलं वाजली. तनू खुर्चीत ताठ झाली, पण उठली नाही. मीही उठले नाही. बघितलं. प्रणव उभा राहिला, इवोनाने त्याची मान धरली, लोक मोजायला लागले. वाईट वाटलं, सरळ, स्पष्ट, आणि मी ते काचा वगैरे मोजून चुकवलं नाही. मग मीही ओरडले. गोश्को. डोळ्यांत पाणी आलं. तनूने ते बघितलं, आणि टेबलावरचा कागदी रुमाल माझ्यासमोर सरकवला. मी नाक पुसलं. केक खाल्ला. खसखशीचा होता, चांगला होता.

मग ॲकॉर्डियनवाल्याने काहीतरी वेगात सुरू केलं, आणि पानी हालिना मोजे घातलेल्या पायांनी थेट माझ्यासमोर येऊन उभी. मी साडीकडे बोट दाखवलं. तिने ऐकलं नाही. हात धरून गोलात ओढलं. मला नाचता येत नाही, आणि त्या गोलात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे एकमेकांना ओढत पळतच होते. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते गोश्कोवाले आजोबा. समोरून इवोना आली, डोक्यावरची जाळी सुटलेली, चेहरा लाल. आमची नजर भिडली. गोल फिरला आणि ती पुढे गेली.

तनू खुर्चीत बसून बघत होती, स्विमिंग पूलवरच्या लाइफगार्डसारखी. पहिल्या फेरीला तिचे डोळे माझ्यावर. दुसऱ्या फेरीलाही. मी हात हलवला.

तिसऱ्या फेरीला खुर्ची रिकामी.

माझ्या पायांनी लय सोडली. मान फिरवून शोधलं. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती, बूट कुठेतरी टाकलेले, दोन पोलिश मुलींच्या मध्ये, हात धरून घसरत. आपटली. उठली. माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा पळत मागे गेली, पुन्हा घसरायला.

साडेनऊपर्यंत थांबलो. बाहेर तेव्हाही चांगला उजेड होता.

आज सकाळी न्याहारीला प्रणव आमच्या टेबलापाशी आला. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीही जेवण असतं, मुलांनी थांबावं का, संध्याकाळी तो आणून सोडेल. मी तनूला विचारलं. ती तोंडभर घास घेऊन म्हणाली, "हो हो हो." कबीरने कपातून तोंड बाहेर काढून तेच म्हटलं. लीलाआई म्हणाल्या, मी वैजयंतीबरोबर जाते, इथल्या खुर्च्या मला सोसत नाहीत.

रविवार, संध्याकाळी

चारला तनूचा फोन. प्रणवच्या फोनवरून. समुद्रात सील दिसला, खरा सील, त्याची मिशी दिसली, पानी हालिनाने त्याला सॉसेज फेकलं पण ते बुडलं, आणि कबीर वाळू खाल्ली, थोडीच, आणि झुझियाकडे मांजर आहे पण ती पोलंडमध्ये, झुझिया म्हणजे काल— "आले गं!" कुणालातरी ओरडली, आणि फोन कट. बाय नाही, काही नाही.

फोन हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. घर शांत होतं. कुणी हाक मारणार नव्हतं. आणि मग मला रडू आलं. काल आलं तसं नाही, ते डोळ्यांपुरतं होतं. हे पोटातून. मी ओट्याच्या कडेला धरून खाली बसले, फ्रीजला टेकून, आणि दोन वर्षांत ज्या ज्या वेळी मी "ठीक आहे" म्हटलं त्या सगळ्यांचं एकत्र रडले. प्रणव परत यावा असं मला वाटत नाही. ते नव्हतंच. ते घर गेलं, त्यातली मी गेले, आणि ते गेलंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या वहीलासुद्धा.

लीलाआई दारात आल्या. मी पुसायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. मुलं नाहीत घरात."

त्यांना खाली बसता येत नाही. त्यांनी एक खुर्ची ओढून आणली, माझ्याजवळ ठेवली, बसल्या, आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "मी त्याला नीट बोलले नाही तेव्हा. तुझ्या बाजूने बोलायला पाहिजे होतं. मी तिकडे फोन घेऊन नुसती बसून राहिली."

"तुम्ही काय करणार होतात, लीलाआई?"

"काही नाही. पण तुला फोन करता आला असता."

खरंच करता आला असता.

सहाला बेल वाजली. मी तोंड धुतलं होतं, पण डोळे सुजलेलेच. दार उघडलं. कबीर प्रणवच्या खांद्यावर झोपलेला, त्याच्या केसांत वाळू. तनूने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"तू रडली?"

"हो. खूप."

"झालं?"

"आजचं झालं."

"ओके," म्हणाली, आणि आजीला सीलचं सांगायला आत पळाली. प्रणव पायपुसण्यावर उभा होता, कबीरचं वजन या खांद्यावरून त्या खांद्यावर करत. मी म्हटलं, आत आण त्याला, मला आता उचलवत नाही. त्याने बूट काढले आणि आत आला.